शिशाचे मासे

माझ्या सासऱ्यांना गॅरेजच्या सगळ्या गल्लीत थंडोबा म्हणतात. खरं नाव विचारलंत तर शेजारचा टायरवालासुद्धा डोकं खाजवत बसेल. एक तर धंदा तापलेल्या गाड्या निववायचा, आणि दुसरं म्हणजे माणूसच तसला. घराला आग लागली तरी "आधी जरा बसू, मग बघू," म्हणतील. मी पडले तोंडाची फटकळ. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्यावर चिडू नकोस गं, काही उपयोग होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मी आयुष्यभर करून बघितलंय."

दुकान गल्लीच्या टोकाला. एक शटर, आत सदा अर्धा अंधार, मधोमध कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी हौद पाण्याने भरलेला, आणि भिंतीला टेकून उभे केलेले रेडिएटर. ट्रकचे, जनरेटरचे, ट्रॅक्टरचे, जुन्या मोटारींचे. गळका रेडिएटर आला की बाबा, म्हणजे माझे सासरे, त्याची तोंडं रबराच्या बुचांनी बंद करायचे, एका बुचातून हवा भरायचे आणि तो हौदात बुडवायचे. मग पाण्यावर नजर लावून बसायचे. जिथून बुडबुडा आला तिथे खडूची खूण. नंतर ती जागा घासून लख्ख करायची, ज्योत मारायची आणि शिशाची कांडी वितळवून भोक झाळून टाकायचं. दोन्ही हात गुंतलेले असले की कांडी दातात. त्यांच्या उस्तादांनीही तशीच धरली, उस्तादांच्या उस्तादांनीही. या कामातला माणूस कांडी खिशात ठेवत नाही, दातात धरतो. त्यावरूनच गल्लीत कोण कसलेला आणि कोण नवखा ते ओळखतात.

मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. पहिल्या दिवशी चावी हातात देताना नवऱ्याने मला ब्रेक-क्लच समजावला, आणि बाबांनी बॉनेट उघडून त्याच्यासमोर उभं केलं. "सूनबाई, गाडी पुढे चालते ती चाकांवर, पण टिकते ती इथे." मी मनात म्हटलं, झालं, आता प्रवचन. पण त्यांचं सांगणं कानात बसायचं खरं.

"इंजिन म्हणजे चूल," ते म्हणाले. "आत जाळ आहे, तर तापणारच. त्या चुलीभोवती पाणी फिरतं आणि धग उचलतं. पंप ते पाणी इकडे ढकलतो. या चपट्या नळ्या दिसतात ना? पाणी यांच्यातून उतरतं. नळ्यांच्या मधे ही पत्र्याची झालर. पाण्याची धग झालरीला लागते, समोरून वारा येतो, तो ती घेऊन जातो. पाणी निवून परत चुलीकडे. दिवसभर हेच. पाणी तापतं हे दुखणं नव्हे. ते निवत नाही, हे दुखणं."

"आणि गाडी उभी असली, वारा नसला तर?"

"म्हणून हा पंखा. आणि आत एक झडप आहे, थर्मोस्टॅट. इंजिन गार असलं की ती दार लावून बसते, पाण्याला इकडे येऊ देत नाही. अंगात ऊब आली की उघडते. आपले काही शहाणे मिस्त्री ती काढून फेकतात. म्हणे गाडी थंड राहते. अरे, थंड राहते म्हणूनच तेल जास्त पिते!" त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शिवी मी कधी ऐकली नाही.

झाकणाच्या बाबतीत मात्र थंडोबा थंड राहत नसत. एकदा एक गृहस्थ वाफा सोडणारी गाडी घेऊन आले आणि उतरल्या उतरल्या झाकणाला हात घालू लागले. बाबांनी त्यांचं मनगट असं पकडलं की ते घाबरलेच. "ते पाणी दाबाखाली आहे, साहेब. दाब आहे म्हणून ते अजून उकळलेलं नाही. झाकण सैल केलंत की सगळं एकदम तुमच्या तोंडावर." मग त्यांना स्टुलावर बसवून चहा पाजला. गृहस्थ म्हणाले, निदान वरून थंड पाणी तरी ओता. बाबा म्हणाले, "तापलेल्या काचेच्या पेल्यात ओतून बघा आधी. इंजिन तडकेल. थांबा. याच्यावर थांबणं हेच औषध आहे." आणि तासभर त्यांना आपल्या दुकानात गप्प बसवून ठेवलं. नवा माणूस वैतागेल नाहीतर काय!

मला त्यांनी सवयच लावली. सकाळी मुलांना आणायला निघायच्या आधी, इंजिन गार असताना, बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं कूलंट दोन रेघांच्या मधे आहे का ते बघायचं. नळाचं पाणी घालायचं नाही, त्यातला क्षार आत धरतो आणि नळ्या बुजतात. हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी मिसळायचं नाही. नळ्यांच्या जोडांवर पांढरी-हिरवी पापडी दिसली की समजायचं, तिथे गळतंय. झालरीत अडकलेले किडे आणि धूळ मऊ धारेने आतून बाहेर काढायची, जोराची धार मारली की झालर वाकते आणि वारा अडतो. आणि रस्त्यात तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. "हीटर? उन्हात?" मी विचारलं. "तोही एक छोटा रेडिएटरच आहे. तेवढीच इंजिनाची धग बाहेर निघते. तुम्ही घामाघूम व्हाल, गाडी वाचेल." एकदा मी भर दुपारी हीटर लावून सगळ्या पोरांना घामाने चिंब केलं. पोरांना मज्जा वाटली, त्यांच्या आयांना नाही.

मग चिंगी झाली. माझी मुलगी.

नातवंड म्हणजे दुधावरची साय, हे सगळेच म्हणतात. पण हा माणूस तर पार विरघळला. दुकानातून आले की चपला काढायच्या आधी, "कुठं गेली आमची चिंगी?" ती रांगत यायची आणि त्यांच्या पायाला चिकटायची. ते तसेच तिला उचलून घ्यायचे. तिचं डोकं त्यांच्या शर्टावर, तिची बोटं त्यांच्या खिशात. खिशात एक फडकं असायचं, गरम झाळ पुसायचं. ते ओढून काढणं आणि तोंडाला लावणं हा तिचा रोजचा खेळ. सासूबाई ओरडायच्या, "अहो, आधी हातपाय धुवा!" ते म्हणायचे, "माती आहे, खाल्ली तर काय होतं? आम्ही काय कमी खाल्ली?"

आणि मासे. झाळताना वितळलेल्या शिशाचा थेंब कधी कधी हौदात पडतो. चर्र होतं आणि तो पाण्यात गोठतो, वाटेल तसा. त्यातले काही अगदी माशासारखे दिसायचे, शेपटीसकट. बाबा ते हौदाच्या तळातून काढून आणायचे. चिंगीला टोचू नयेत म्हणून शेपट्यांची टोकं कानसेने घासून गोल करायचे, खिळ्याने डोळा पाडायचे. एका पत्र्याच्या डब्यात तिचे कितीतरी मासे साठले होते. दात येत होते तेव्हा ती ते चावत बसायची. हिरड्यांना गार लागायचे, रडायची थांबायची. घरात सगळ्यांना हायसं वाटायचं.

ती 'आबा' म्हणायला लागली होती. 'पा' म्हणजे पाणी, 'जा' म्हणजे या. मग हळूहळू शब्द कमी होत गेले. नवे आले नाहीत, होते तेही विसरले गेले. पोट धरून रडायची. जेवायची नाही. चेहरा असा फिकट की बघवेना. माझ्या व्हॅनमध्ये तिच्याच वयाची पोरं पाळणाघरापर्यंत अखंड बडबड करायची, एकीने तर मला "ताई, तुम्ही हळू का चालवता?" असंसुद्धा विचारलं होतं. घरी आले की माझी पोर माझ्याकडे नुसती बघायची.

सासूबाई म्हणाल्या, "हिचा बापही उशिराच बोलला. आता थांबतोय का बघ!" कुणी म्हणालं मोबाइल दाखवू नका, कुणी म्हणालं गाणी लावा. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली. दुखणं हाल्याला आणि औषध पखालीला. एक डॉक्टर म्हणाले, आई कामावर जाते म्हणून. त्यांना मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली, माझ्यापेक्षाही लहान असेल. तिने चिंगीला तपासलं आणि मला विचारलं, "घरी कोण काय काम करतं?" मी म्हटलं, मी व्हॅन चालवते, नवरा चपलांच्या दुकानात आहे. "आणखी कोण?" सासरे रेडिएटर झाळतात. "झाळतात म्हणजे? कशाने?" मी सांगितलं. ती पुढे विचारत गेली. कपडे कुठे धुता, बाळ कुणाच्या कडेवर असतं, तोंडात काय घालते. माशांचं सांगितल्यावर तिने लगेच सुई मागवली. रक्त घेतलं, ते कुठेतरी लांब तपासायला पाठवलं. बाबांचंही घेतलं.

उत्तर आलं त्या दिवशी आम्ही तिघं गेलो होतो. चिंगी बाबांच्या मांडीवर होती. डॉक्टरीण म्हणाली, पोरीच्या अंगात शिसं आहे, खूप आहे. मोठ्या माणसाला जेवढं बाधतं त्याच्या कितीतरी पट लहान मुलाला बाधतं. धुळीतून जातं, कपड्यांवरून जातं, हातातून तोंडात जातं. आणि मासे तर सरळच.

"औषध आहे ना?" मी विचारलं.

"रक्तातलं कमी करता येईल. हाडात बसलेलं सावकाश निघेल. मेंदूचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही."

"म्हणजे बोलेल ना ती?"

"सांगता येत नाही हो, ताई. खोटं कशाला बोलू?"

मी भांडायला तोंड उघडलं. समोर डॉक्टरीण, तिचा काय दोष? शेजारी बाबा. त्यांनी चिंगीला मांडीवरून अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवलं होतं, आणि स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "धुऊन नाही काढता येत? आतून? आम्ही बुजलेला रेडिएटर धुतो, उलट्या बाजूने पाणी सोडून, तसं काही?"

ती हसली नाही. "थोडं येतं, बाबा. सगळं नाही."

"हां," ते म्हणाले. "नळ्याच आतून खाल्ल्या गेल्या असतील तर धुऊनही गळतातच."

मग तिने त्यांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला. त्यांनी वर उचलायचा प्रयत्न केला, उचलला जाईना. त्यांच्या रक्तात चिंगीपेक्षाही जास्त निघालं होतं. वर्षानुवर्षं पोटदुखीवर ते पांढरी पूड घेत आले, आणि हात दुखतो तो वयाने, असं आम्ही सगळेच म्हणत आलो. त्यांचे उस्तादही म्हणे पोट धरूनच गेले. तेव्हाही सगळे म्हणाले, वय झालं होतं.

घरी आल्यावर मी सगळ्यांशी भांडले. नवऱ्याशी, "तुला एवढंही माहीत नव्हतं?" म्हणून. सासूबाईंशी, कारण त्या समोर होत्या. टायरवाल्याशीसुद्धा, तो बिचारा विचारपूस करायला आला होता. बाबांशी नाही भांडले. कितीदा ठरवून गेले आणि दारातूनच परत फिरले. त्यांनी तिच्यासाठी शेपट्या घासून गोल केल्या होत्या हो! टोचू नये म्हणून! कुणी दुष्टपणा केला असता तर त्याचं नरडं धरलं असतं. इथे कुणी काही वाईट केलंच नव्हतं आणि माझ्या पोरीचं वाटोळं झालं होतं. असल्या रागाचं माणसाने काय करायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सगळं घर ओल्या फडक्याने पुसलं. कोरडा झाडू बंद. गादी टाकली, तिचे कपडे टाकले, पडदे टाकले. मासे बाबांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेऊन दिले. "रस्त्यात टाकले तर दुसऱ्या कुणाच्या पोराच्या हाती लागतील," म्हणाले. दुकानाचं शटर त्यांनी त्याच आठवड्यात ओढलं. लोक रेडिएटर घेऊन यायचेच. बाबा बाहेर स्टूल टाकून बसायचे आणि गाडीला हात न लावता सांगायचे, "नवा बसवून घे. झाळायचं नाही." एका जुन्या ट्रकवाल्याने फारच गयावया केली. याचा नवा मिळतच नाही, म्हणाला. बाबा उठले आणि घरी निघून आले. पुढे स्टूलही आत गेलं.

आणि चिंगीला त्यांनी हात लावणं बंद केलं. दिवसातून कितीदा आंघोळ करायचे याला हिशोब नव्हता. मागच्या अंगणातल्या नळाखाली दगडाने हात घासायचे, कातडी सोलवटून निघेपर्यंत. मग मागच्या पायरीवर बसायचे, दोन्ही हात काखेत दाबून. चिंगी जवळ आली की उठून दुसरीकडे जायचे. ती मागे मागे जायची, ते पुढे पुढे. आम्ही तिचे हात सारखे धूत होतो, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खाण्याआधी धू, खेळून आली की धू. पोर कंटाळून जायची, पण हात पुढे करायची.

औषध लागू पडलं, रक्तातलं शिसं बरंच उतरलं. पोटदुखी थांबली, गालांवर थोडा रंग आला. शब्द आले नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, वाट बघू. मी विचारलं, किती? तिने पुढची तारीख लिहून दिली. मग तीच बाबांना म्हणाली, "आता काम बंद आहे, घर स्वच्छ आहे, कपडे नवे आहेत. आता घ्या की नातीला. काही होत नाही." बाबा म्हणाले, "हो, हो." पण घेतलं नाही. सासूबाईंनी हात जोडले, नवरा चिडला. मी म्हटलं, "बाबा, ती रडते तुमच्यासाठी." ते म्हणाले, "बघू, सूनबाई. जरा जाऊ दे." मनात आलं, हेच ते थंडोबांचं थांबणं. पण इंजिन निवतं. इथे काय निवायचं होतं?

त्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात व्हॅनचं बॉनेट उघडून उभी होते. सकाळी काटा जरा वर गेला होता. बाबा पायरीवर होते. मी विचारलं, "वरची रबरी नळी बघा ना जरा."

"तूच दाबून बघ," ते तिथूनच म्हणाले. "गार आहे ना गाडी? हां. लिबलिबीत लागते का?"

"लागते. आणि जोडाजवळ फुगलीय."

"मग बदल. आजच. मुलं असतात गाडीत."

एवढ्यात चिंगी घरातून आली. सरळ त्यांच्या गुडघ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि हात वर केले, घ्या म्हणून. बाबा पायरीवरच मागे सरकले. काखेतले हात त्यांनी आणखी घट्ट दाबले. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने वर केलेले हात खाली घेऊन स्वतःच त्या हातांकडे बघितलं. वळून नळाकडे गेली. टाचा उंचावून तिने नळ सोडला, दोन्ही हात धारेखाली धरले आणि घासले, आम्ही घासतो तसे, बोटांच्या मधे, मनगटापर्यंत. आणि परत बाबांसमोर आली. ओले हात पुढे धरले. आधी तळवे दाखवले, मग उलटे करून मागची बाजू.

मला सगळं एकदम कळलं. आजोबा आपल्याला का घेत नाहीत ते तिने आपल्या परीने शोधून काढलं होतं. तिला वाटत होतं, तिचेच हात घाण आहेत.

"बाबा," मी म्हटलं. "घ्या ना तिला. पाया पडते तुमच्या."

त्यांनाही कळलं होतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. उजवा हात काखेतून बाहेर आला, तिच्याकडे निघाला, आणि पंजा मनगटातून खाली लोंबला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो परत काखेत घातला.

"तिचे हात पूस, सूनबाई," ते म्हणाले. "गारठेल ती."

चिंगीने थोडा वेळ वाट बघितली. मग ती वळली आणि पुन्हा हात धुवायला नळाकडे गेली.